चेक इंजिनचा दिवा आणि घरच्या घरी ऑक्सिजन सेन्सर

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी संतवाङ्मय ऐकतो, आरोग्यावर ऐकतो, मुलांच्या शिक्षणावर ऐकतो. या वर्षी कार्यकारिणीने मला सांगितले, "तुम्ही मेकॅनिकल डिप्लोमावाले आहात, यंत्राचे काहीतरी सांगा. पण घरी उपयोगी पडेल असे सांगा." मी राज्य सरकारच्या नोकरीतला माणूस, वक्ता नाही. म्हणून ज्या कामात हात काळे झाले आहेत, त्याच कामावर बोलतो. विषय आहे मोटारीचा ऑक्सिजन सेन्सर आणि तो आपल्या पार्किंगमध्ये स्वतः कसा बदलायचा, हा.

आपल्या कोसाड-अमरोलीत गेल्या पंधरा वर्षांत गाड्या वाढल्या. बहुतेक आपल्या लोकांची पहिली गाडी सेकंडहँड असते, सीएनजीची असते आणि तिचे वर्षातले मुख्य काम म्हणजे दिवाळीला, लग्नसराईला गावी जाणे. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट चढून साक्री-धुळे. घाटात मीटरवर पिवळा इंजिनाच्या आकाराचा दिवा लागला की घरच्या सगळ्यांचे तोंड उतरते. गाडी चालत असते, पण मन चालत नाही. परत आल्यावर कोणी म्हणतो सेन्सर गेला, कोणी म्हणतो सगळे वायरिंग बदला, कोणी म्हणतो दिव्याची तार काढून टाका. या तीन सल्ल्यांपैकी कोणता खरा, हे आपले आपल्याला कळावे एवढाच माझा हेतू आहे.

आधी हा सेन्सर करतो काय, ते पाहू. भगिनींना हे पुरुषांपेक्षा लवकर कळेल. गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असली की भांडे स्वच्छ राहते. बर्नरची भोके बुजली, हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचे बूड काळे होते. पांडेसरा-सचिनच्या मिलमध्ये बॉयलरवर काम केलेले भाऊ इथे बसले आहेत. त्यांना माहीत आहे की चिमणीतून काळा धूर आला म्हणजे हवा कमी आणि हवा जास्त झाली म्हणजे उष्णता चिमणीवाटे फुकट. इंजिनाचेही तेच आहे. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. १ लिटर पेट्रोलला साधारण ९ घनमीटर हवा होते. म्हणजे ३ लिटर पेट्रोल जाळले की दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीतली जवळजवळ सगळी हवा आपण वापरली. सीएनजीला वजनाच्या हिशेबाने याहून थोडी जास्त हवा लागते.

हे प्रमाण सांभाळायचे काम गाडीतला संगणक, म्हणजे ईसीयू करतो. पण त्याला आतले दिसत नाही. जळून बाहेर आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारा म्हणजे हा सेन्सर. दिसायला स्पार्क प्लगसारखा, शेपटीला चार तारा. सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनाच्या अगदी जवळ तो बसवलेला असतो.

त्याच्या पोटात काय असते, हे सुरतेच्या माणसाला सांगायला मला विशेष आनंद होतो. आपल्या शेजारी कतारगाम-वराछात हिऱ्याचे काम चालते. ज्याला आपण अमेरिकन डायमंड म्हणतो, तो खडा झिर्कोनियाचा असतो. सेन्सरच्या टोकाला असलेली चिनी मातीसारखी पांढरी नळीही झिर्कोनियाचीच. त्यात यिट्रिया नावाचे द्रव्य थोडे मिसळलेले असते. ही नळी ३०० अंशांच्या वर तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात. नळीच्या आत बाहेरची स्वच्छ हवा, नळीच्या बाहेर इंजिनाचा धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, तेवढा विजेचा दाब. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे इंधन जास्त झाले असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे इंधन कमी पडले असेल, तर ०.१ व्होल्टच्या आसपास. ईसीयू हा आकडा बघतो, इंधन थोडे कमी करतो, थोडे वाढवतो आणि काटा मध्यावर ठेवतो. यामागचे गणित जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडले. गाडीत ते यायला १९७६ साल उजाडले. बॉश कंपनीने तेव्हा हा सेन्सर बाजारात आणला आणि स्वीडनच्या व्होल्वोने अमेरिकेत विकायच्या गाडीत तो पहिल्यांदा बसवला.

आपल्याकडे तो उशिरा आला, त्याला कारण होते. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसे असायचे आणि शिसे या सेन्सरला विषासारखे. १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले, २००० मध्ये सगळ्या देशात. मग धुराचे नियम कडक होत गेले. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ नियम आधी निवडक १३ शहरांत लागू झाले. त्या तेरात आपली सुरत होती, मुंबई-पुणे होते, सोलापूरही होते. धुळे, जळगाव, नंदुरबार नव्हते. सगळ्या देशात बीएस-४ आले २०१७ मध्ये आणि बीएस-६ आले १ एप्रिल २०२० ला. म्हणून गावाकडून जुनी गाडी आणताना आरसी बुकात ती कोणत्या नियमाची आहे, ते जरूर बघा. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत सेन्सर वेगळे निघू शकतात.

आता दिव्याकडे येऊ. २०१३ पासून आपल्या बीएस-४ गाड्यांमध्ये ओबीडी-२ नावाची व्यवस्था आली. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे एक सॉकेट असते. त्यात लावायचा ब्लूटूथवाला छोटा अॅडॉप्टर हजार रुपयांच्या आत मिळतो आणि मोबाईलवर अॅप टाकले की दिवा का लागला, त्याचा कोड दिसतो. पी ०१३० ते पी ०१३५ हे कोड पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचे. पी ०१३६ ते पी ०१४१ मागच्या सेन्सरचे. मागचा सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढे, सायलेन्सरच्या बाजूला असतो आणि कन्व्हर्टर नीट काम करतो की नाही, यावर नजर ठेवतो. पी ०१७१ म्हणजे इंधन कमी पडते, पी ०१७२ म्हणजे जास्त जाते.

माझ्या भाषणातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य आता सांगतो. कोडमध्ये सेन्सरचे नाव आले म्हणून सेन्सरच गुन्हेगार ठरत नाही. तो साक्षीदार आहे. साक्षीदार चूक बोलतो आहे, की खरे बोलतो आहे आणि चोर दुसराच आहे, की साक्षीदाराचा फोनच कापला गेला आहे, हे आधी तपासावे लागते.

दोन उदाहरणे देतो. आमच्या सोसायटीत मिलमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्या गाडीचा दिवा लागला. एका गॅरेजात त्यांना सेन्सर, कन्व्हर्टर आणि वायरिंग असा मोठा आकडा सांगितला. काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, एवढ्यात तर मी गाडीच विकून टाकतो. दिवाळीला बसने जाऊ." नातवंडांना गावी न्यायला मोठ्या हौसेने घेतलेली गाडी. आम्ही कोड वाचला, पी ०१३५ निघाला. म्हणजे सेन्सरच्या हीटरची तक्रार. सेन्सर लवकर तापावा म्हणून त्यात बारीक हीटर असतो. फ्यूज पाहिला, ठीक होता. सॉकेट सोडवून सेन्सरच्या बाजूच्या हीटरच्या दोन तारांवर मल्टीमीटर लावला. चांगल्या हीटरला काही ओहम दाखवायला हवेत, इथे काहीच दाखवेना. हीटर आतून तुटला होता. सेन्सर खरोखर गेला होता, पण फक्त सेन्सर. कन्व्हर्टर आणि वायरिंग ठणठणीत होते.

दुसरी गाडी माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांची. कोड पी ०१३०, तोही सेन्सरचाच. त्यांनी नवा सेन्सर मागवायचे ठरवले होते. बोनेट उघडून तार बोटाने चाचपत गेलो, तर बॅटरीच्या खाली तार कुरतडलेली. बाप्पांचे वाहन बोनेटमध्ये मुक्कामाला होते! तार नीट केली, दिवा गेला, सेन्सर आजही तोच आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. कोड लिहून घ्या आणि पुसू नका. सेन्सरच्या हीटरचा फ्यूज बघा. सॉकेटमध्ये गंज, पाणी आहे का बघा. तार शेवटपर्यंत चाचपा. सेन्सरच्या आधीच्या जोडावर पाइपाला काजळीचे डाग आहेत का, गाडी थंड असताना फटफट आवाज येतो का, ते बघा. त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरली तर बिचारा सेन्सर इमानदारीने ऑक्सिजन जास्त आहे असेच सांगणार. बाहेरून बसवलेले सीएनजी किट असेल तर काही किटांची तार सेन्सरच्या तारेला जोडलेली असते, तो जोड तपासा आणि गाडी आधी पेट्रोलवर चालवून पाहा. शेवटी इंजिन पूर्ण तापल्यावर अॅपमध्ये पुढच्या सेन्सरचे व्होल्ट बघा. आकडा ०.१ ते ०.९ मध्ये भराभर वर-खाली होत असेल तर सेन्सर जिवंत आहे. एकाच जागी अडकला किंवा फार सुस्तपणे हलला, तर त्याचे दिवस भरले. काही गाड्यांत, विशेषतः नव्या बीएस-६ गाड्यांत, वेगळ्या जातीचा वाइडबँड सेन्सर असतो. त्याला हे आकडे लागू नाहीत. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावूच नका.

सेन्सर गेला हे नक्की झाले, आता खरेदी. जुन्या सेन्सरवर छापलेला पार्ट नंबर उतरवून घ्या आणि त्याच नंबरचा, त्याच सॉकेटचा घ्या. मॉडेलप्रमाणे किंमत दोन-अडीच हजारांपासून पुढे असते. तार कापून जोडायचा युनिव्हर्सल सेन्सर स्वस्त मिळतो, तो टाळा. त्याचे कारण गमतीचे आहे. मघाशी सांगितले की नळीच्या आत स्वच्छ हवा लागते. कित्येक सेन्सरमध्ये ती हवा तारेच्या आवरणातून, तांब्याच्या बारीक धाग्यांमधल्या फटीतून आत जाते. तिथे डाग दिला, सॉकेटात ग्रीस भरले, की सेन्सरचा श्वास कोंडतो.

हत्यारे फार नाहीत. २२ मिलिमीटरचा, बाजूला तारेसाठी चीर असलेला ऑक्सिजन सेन्सर सॉकेट, लांब दांड्याचा रॅचेट, पत्र्याच्या कव्हरसाठी १० नंबरचा पाना, गंज सोडवणारा स्प्रे, जाड हातमोजे आणि मिळाला तर टॉर्क रेंच. कित्येक छोट्या गाड्यांत पुढचा सेन्सर बोनेट उघडल्याबरोबर समोर दिसतो, खाली जावे लागत नाही. मागच्यासाठी गाडीखाली जावे लागते. अशा वेळी नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड आणि गाडी घोडीवर टेकवलेली. घोडी नसेल तर ते काम गॅरेजला द्या. दोन हजार वाचवण्यासाठी जीव लावायचा नसतो. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सीएनजी गाडी असेल तर टाकीचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा आणि आसपास कोणाला विडी पेटवू देऊ नका.

काकांच्या गाडीचे काम आम्ही एका रविवारी सकाळी केले. आदल्या रात्री सेन्सरच्या आट्यांवर स्प्रे मारून ठेवला. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद केले. पाइप कोमट असला की आटे सैल सुटतात, पण लाल तापलेल्या पाइपाला हात लावला तर दवाखाना. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, पत्र्याचे कव्हर उतरवले, सॉकेटची कुसळी दाबून तार वेगळी केली. चीर असलेला सॉकेट सरळ बसवला आणि उलट्या दिशेने दाब दिला. अडला तर थोडा मागे, थोडा पुढे, पुन्हा स्प्रे, पुन्हा थांबणे. इथे जोर करणारा हरतो. आटे कापले गेले तर दोन हजारांचे काम वीस हजारांवर जाते. दहा मिनिटांनी तो कर्र करून सुटला.

नवा सेन्सर घेताना त्याच्या टोकाला बोट लावायचे नाही आणि तो खाली पडू द्यायचा नाही. आत माती भाजलेली आहे, पडली की तडा. आट्यांवर तांबूस किंवा करडा लेप बहुधा कंपनीनेच लावलेला असतो. नसेल तर तापमान सोसणारे अँटिसीझ फक्त आट्यांवर लावायचे, टोकावर नाही. सिलिकॉनचा गोंद तर जवळपासही नको, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. पहिले चार-पाच आटे हातानेच बसवायचे. हाताने सरळ गेला म्हणजे वाकडा धरला नाही याची खात्री. मग पाना. बहुतेक गाड्यांना ४० ते ४५ न्यूटन-मीटर कस पुरतो, आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तो आकडा पाळा. तार पूर्वीसारखीच क्लिपांमध्ये बसवा. ती गरम पाइपाला टेकता कामा नये आणि तिला पीळ बसता कामा नये. बॅटरी जोडा, कोड पुसा, गाडी सुरू करा. पाऊण तासात सगळे झाले. काकूंनी पोहे आणले तेव्हा आम्ही हात धूत होतो.

दिवा विझला म्हणजे काम संपले असे समजू नका. ईसीयू पुढच्या काही फेऱ्यांत स्वतःच्या चाचण्या पुन्हा घेतो. आठवडाभर चालवा, एकदा हायवेवर न्या, कोड पुन्हा वाचा. मगच पीयूसी काढा. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांना पीयूसी एक वर्षाची मिळते. तिच्यात लॅम्ब्डा नावाचा एक आकडा असतो. इंजिनाचे फेरे वाढवून केलेल्या चाचणीत तो ०.९७ ते १.०३ मध्ये यायला हवा. आपण कागद घडी करून ठेवून देतो. पुढच्या वेळी तो आकडा वाचा. आपल्या नव्या सेन्सरची ती मार्कशीट आहे.

आता थोडे कटू बोलतो. बाजारात एक छोटी नळी मिळते. मागचा सेन्सर तिच्यात बसवला की तो धुरापासून दूर जातो आणि दिवा लागत नाही. कोणी तारेत रेझिस्टर टाकतो. कोणी लॅपटॉप लावून ईसीयूमधला दिवाच मारून देतो. हे दोनशे-पाचशेत होते आणि गाडी तशीच पळते, म्हणून लोकांना हुशारी वाटते. पण आत काय चालते? पुढचा सेन्सर मेला की इंजिन बहुधा जास्त इंधन पिते. न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. त्यातला प्लॅटिनम-पॅलेडियम-ऱ्होडियमचा जाळीदार ठोकळा तापून वितळतो. मग खर्च सेन्सरच्या कित्येक पट. आणि तोवर जो धूर बाहेर पडतो, तो जातो कुठे? आपल्याच गल्लीत. सोसायटीच्या गेटवर सकाळी शाळेच्या व्हॅनची वाट पाहत पोरे उभी असतात. त्यांच्या नाकाची उंची आणि सायलेन्सरची उंची यात किती अंतर आहे, ते उद्या सकाळी उभे राहून पाहा.

मी सरकारी माणूस आहे, पण हे कायद्याच्या भीतीने सांगत नाही. साक्षीदाराचे तोंड दाबून घर सुखी होत नाही, एवढा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. यंत्राच्या बाबतीतही तेच खरे.

तरुण मुलांना एक विनंती. तुमच्यापैकी कित्येक जण आयटीआयला, डिप्लोमाला आहेत. आपले वडील-आजोबा खानदेशातून आले, लूमवर उभे राहिले, बॉयलरपाशी घामाघूम झाले. यंत्राचा आवाज ऐकून ती माणसे दुखणे ओळखत. आजच्या यंत्राचे दुखणे मोबाईलवर आकड्यांत दिसते, एवढाच फरक. मंडळाने एक कोड वाचायचा अॅडॉप्टर, एक मल्टीमीटर आणि एक २२ नंबरचा सॉकेट घेऊन कार्यालयाच्या कपाटात ठेवावा, असे मी सुचवतो. ज्याला लागेल त्याने सही करून न्यावा, काम झाल्यावर पुसून परत ठेवावा. रविवारी सकाळी दोन तास मी येईन. गाडी कोणाचीही असो, आधी तपासू, मग काय बदलायचे ते ठरवू. आणि जे काम आपल्या आवाक्यातले नाही, ते चांगल्या कारागिराकडे नेऊ, त्याच्या कष्टाचे पैसे देऊ.

काकांची गाडी त्या दिवाळीला कोंडाईबारी चढून गेली आणि उतरून आली. आपल्या सगळ्यांच्या गाड्या अशाच सुखरूप गावी जावोत आणि परत येवोत, ही बाप्पाचरणी प्रार्थना.  आरतीची वेळ झाली आहे, तेव्हा इथेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!